फक्त तोल राहिलाय

सुरवसे सरांना फुटबॉल खेळताना कुणी कधी पाहिलेलं नाही. मी तर त्यांना पळतानाही पाहिलेलं नाही. सकाळी हजेरीची वेळ टळू नये म्हणून आमचा अर्धा स्टाफ धापा टाकत जिना चढायचा, आणि सर मात्र बोहल्यावर निघाल्यासारखे एकेक पायरी बघून यायचे. अशा माणसाच्या गळ्यात शिट्टी! लाल दोरीची, चकचकीत. तोंडी परीक्षेलासुद्धा ते ती वाजवत. पोरगं उत्तर चुकलं की फुर्रर्र. एकदा बाहेरून आलेले परीक्षक त्या आवाजानं खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले होते. त्यांना वाटलं, कुठं आग लागली.

सर आमच्या कॉलेजच्या रोबोट-फुटबॉल टीमचे प्रमुख. माणसासारखे दोन पायांचे रोबोट बनवायचे आणि त्यांना फुटबॉल खेळायला लावायचा, हे त्या टीमचं काम. हसू नका, जगभर अशा स्पर्धा होतात. आमचं इंजिनिअरिंग कॉलेज तुळजापूर रोडला, धाराशिव संपून ज्वारीची रानं लागतात तिथं. मी तिथं गणित शिकवते. माझा नि रोबोटचा संबंध काय? काहीच नाही. पण टीममध्ये मुली असल्या की सोबत एक मॅडम पाहिजे, असा नियम. बाकीच्या मॅडमांनी कुणी पोराची शाळा पुढं केली, कुणी सासूचे गुडघे. मी बेंबळीची, मला पटकन बहाणा सुचत नाही. गेले त्यात.

पहिल्याच दिवशी सरांनी मला प्रयोगशाळा दाखवली. पूर्वी तिथं मोडके बाक ठेवायचे. आता मधोमध हिरवी चटई, दोन बाजूला जाळ्या, आणि खुर्चीच्या पाठीला टेकवून उभा केलेला एक मांडीएवढ्या उंचीचा अॅल्युमिनियमचा प्राणी. डोक्याच्या जागी कॅमेरा, पोटात बॅटरी, सांध्यासांध्यात मोटरी.

"हा आपला पैलवान," सर म्हणाले. "चेंडू ओळखतो, जाळी ओळखतो, लाथ मारतो. सगळं झालंय मॅडम, फक्त तोल राहिलाय."

"म्हणजे उभा राहत नाही?"

"उभा राहतो की! टिकत न्हाय."

हे वाक्य पुढं मी इतक्यांदा ऐकलं की घरात कुकरची शिट्टी होईना झाली तरी माझ्या तोंडून "फक्त तोल राहिलाय" निघायला लागलं. सरांचा त्यावर ठाम विश्वास होता. घर बांधून झालंय, फक्त पाया राहिलाय, असं म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडावर जे समाधान असेल ना, तेच त्यांच्या तोंडावर असे. पैलवान चालायला लागला की सर दोन्ही हात पसरून, कमरेत वाकून त्याच्या मागं मागं चालत. पहिली पावलं टाकणाऱ्या लेकराच्या मागं बाप चालतो तसे. लेकरू पडायचंच.

पडलं की पोरं हळहळत. सर शांत. "पाठ टेकली का?" असं विचारत. सरांचे चुलते कुस्त्या मारायचे, त्यामुळं आखाड्याचा कायदा त्यांच्या अंगात भिनलेला. आमचा पैलवान कायम तोंडावर पडायचा. "पाठ टेकली न्हाय ना? मग हरला न्हाय. उचला." आता ह्यावर काय बोलणार, डोंबल?

सर अणदूरचे. हे सांगायलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. अणदूरचा खंडोबा तुम्हाला ठाऊक असेल. वर्षातले बहुतेक महिने देव अणदुरात, आणि दोन महिने नळदुर्गला. देव न्यायला-आणायला दोन्ही गावची माणसं जमतात, मानकरी बसतात, करार होतो, मग देव हलतो. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, कुणाची तक्रार नाही.

तर झालं असं, की पैलवानाचं अंग बनवलं मेकॅनिकलच्या पोरांनी आणि डोकं भरलं कॉम्प्युटरच्या पोरांनी. मग तो कुणाचा? दोन्ही विभागप्रमुखांचं बोलणं बंद झालं. चहा वेगळा झाला. एकदा तर मेकॅनिकलवाल्यांनी धड ठेवून घेतलं आणि कॉम्प्युटरवाल्यांनी कॅमेऱ्याचं मुंडकं कपाटात कुलपात घातलं. आठवडाभर बिचारा तसाच. शेवटी सुरवसे सर उठले आणि म्हणाले, "अरे, देव दोन गावांत नांदतो, मग ह्या डब्याला काय धाड भरलीय?"

मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. ठरलं ते असं : दहा महिने पैलवान मेकॅनिकलला, दोन महिने कॉम्प्युटरला. ज्याचा मुक्काम त्याचा अधिकार. दुसऱ्यानं त्या काळात हात लावायचा नाही आणि विचारायचंही नाही. पानसुपारी झाली, नारळ फुटला. पहिला मान कॉम्प्युटरला मिळाला. पैलवान व्हरांड्यातून हलगी लावून वाजतगाजत गेला, एका पोरानं त्याच्यावर छत्री धरली होती. बाहेरच्या जगात इंजिनिअर लोक हे असले प्रश्न कसे सोडवतात मला ठाऊक नाही, पण त्यांच्याकडं हलगी नसणार.

कॉम्प्युटरच्या मुक्कामात त्याचा ताबा प्रतीक्षाकडं होता. तामलवाडीची पोरगी, शेवटच्या वर्षाला, टीमची कॅप्टन. अंगानं काडी, जिभेनं कोयता. तिनं चालण्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि खरं सांगते, ते दोन महिने संपताना पैलवान त्या चटईवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मी डोळ्यांनी पाहिलं. सर पण होते, हात पसरून. चालत गेला, चेंडूला पाय लावला, थांबला. सरांनी इतक्या जोरात शिट्टी फुंकली की तिच्यातला मणी अडकला.

"आता फक्त उद्घाटन राहिलं," सर म्हणाले. मुक्काम संपला, हलगी वाजली, पैलवान मेकॅनिकलला परत गेला.

आमच्या संस्थेचे संस्थापक-अध्यक्ष म्हणजे आण्णा. पांढरे कपडे, पांढरी चप्पल, पांढरी गाडी. आण्णा समोर आले की सर कधी वाकले ते कळायचं नाही, एकदम पायाशीच दिसायचे. आमच्याकडं सगळेच वाकतात, पण सरांइतकं चपळ कुणी नाही. एरवी जिना चढायला पाच मिनिटं घेणारा माणूस!

उद्घाटनाला आण्णा आले. पैलवानाला भगवा फेटा बांधलेला, कपाळाला कुंकू. तो मला नेहमीपेक्षा उंच वाटला. म्हटलं, फेट्यामुळं असेल. सरांनी बटण दाबलं. पैलवानानं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि धाडकन तोंडावर आपटला, तो नेमका आण्णांच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवून.

प्रतीक्षानं तोंडावर हात धरला. सर पांढरेफटक. आणि आण्णांचे डोळे भरून आले हो! त्यांनी वाकून त्या कॅमेऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मशीन असून संस्कार हायेत. आजकालच्या पोरांना शिकवा हे."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो : रोबोटनं घेतला आशीर्वाद. संपला विषय! त्या दिवसापासून पैलवानाचा फुटबॉल बाजूला राहिला. पाहुणा आला की चला प्रयोगशाळेत. दोन पावलं, धाड, आशीर्वाद. कुणी निवृत्त अधिकारी, कुणी महाराज, कुणी नुसताच आण्णांचा व्याही. सरांनी नाक फुटू नये म्हणून पैलवानाच्या तोंडाला स्पंज लावून घेतला. मी एकदा म्हटलं, "सर, तोल सुधारायचं बघा की." तर म्हणाले, "मॅडम, आण्णा खूश आहेत, खोली आपल्याकडं आहे. सध्या कशाला छेडायचं?" बरोबरच होतं म्हणा. आमच्या कॉलेजात पाया पडणं आलं की बाकीचं शिकायला कुणी घाई करत नाही.

पण पोरांना फुटबॉल खेळायचा होता. हैद्राबादच्या स्पर्धेत त्यांनी नाव नोंदवलं. आण्णांनी सरांना बोलावून घेतलं, मीही होते.

"जावा. पण एक गोल पाहिजे. एक का होईना, गोल मारून या. न्हायतर ती खोली मी नर्सिंगला देणार, आणि तुम्ही बारा महिने ॲडमिशनला."

ॲडमिशन म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्यासारख्या कॉलेजात उन्हाळा आला की प्राध्यापक गावोगाव फिरतात, बारावीच्या पोरांचे आईबाप गाठतात, माहितीपत्रकं वाटतात, 'आमच्याकडंच घाला' म्हणून हातापाया पडतात. आम्ही दोन महिने करतो तर जीव जातो. सरांना बारा महिने. आणि ती खोली गेली की टीम गेलीच. सरांच्या तोंडचं पाणी पळालं, पण वाकायचे ते वाकलेच.

हैद्राबादच्या वाटेवर जीप अणदूरला थांबली. सरांनी भंडारा लावला, पैलवानाला लावला, मलाही लावला. प्रतीक्षानं पुढं होऊन कॅमेऱ्यावर रुमाल धरला, तेवढं एक बरं केलं.

स्पर्धेत काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते होतंच थोडकं. पैलवान उठायचा, दोन पावलं टाकायचा, आणि पंचांच्या पायाशी आडवा. पंच बाजूला सरकले, तर हा तिकडं आडवा. दुसऱ्या टीमचे रोबोटही पडत होते, नाही असं नाही, पण ते पडायच्या आधी थोडं खेळत होते. सर रेषेच्या बाहेरून ओरडत होते, "पाठ टेकली न्हाय! पाठ टेकली न्हाय!" तिकडचे लोक आमच्याकडं बघत होते. मी गुपचूप दुसऱ्या गावच्या टीमच्या बाकावर जाऊन बसले.

शेवटाला पैलवान पुन्हा पडला तो चेंडूवर. चेंडू निसटला आणि हळूहळू घरंगळत जाळीत गेला. आमच्याच. सरांनी खिशातून फोन काढला.

"आण्णा! गोल झाला!"

"कितीनं?"

"एकच झाला. पण झाला!"

कुणी मारला नि कुणावर झाला हे आण्णांनी विचारलं नाही, सरांनी सांगितलं नाही. आम्ही परतलो तेव्हा चौकात फ्लेक्स लागलेला. आण्णा मोठे, सर मध्यम, पैलवान फेट्यासह कोपऱ्यात : हैद्राबादेत धाराशिवचा डंका. प्रतीक्षानं जीप थांबवायला लावली, खाली उतरून तो फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला, आणि परत येऊन बसली. सर खिडकीबाहेर बघत होते.

कॉलेजात पोचल्यावर तिनं पैलवानाला टेबलावर निजवलं. मुक्काम मेकॅनिकलचा होता, तरी निजवलं. स्टीलची पट्टी घेतली आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग सरांकडं वळली.

"सर, ह्याच्या नडग्या कुणी वाढवल्या?"

"म्या वाढवल्या," सर म्हणाले. "उद्घाटनाच्या आधी. चांगली दोन बोटं. आण्णांच्या शेजारी लईच गिड्डा दिसत होता. एमआयडीसीत नव्या करून घेतल्या, बघ की किती सुबक!"

"सर, माझा प्रोग्रॅम जुन्या पायाच्या मापावर आहे! त्याला वाटतंय पाय आखूड आहेत. त्याच्या हिशेबानं जमीन यायच्या आधीच पाय जमिनीला लागतोय, मग पडंल न्हायतर काय करंल? आम्हाला सांगितलं का न्हाय?"

सर खरोखरच गोंधळून गेले. "सांगणार कसं? तुमचा मुक्काम न्हवता ना."

अगं बाई गं! मी हसायला लागले, ते मला थांबवेना. इतके महिने त्या डब्यानं येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायावर डोकं आपटलं, ते करार पाळण्यापायी! खंडोबाच्या करारात देवाचे पाय कुणी वाढवत नाही, हे सरांच्या लक्षातच आलं नव्हतं. प्रतीक्षा हसली नाही. ती म्हणाली, "सर, फोनवर तुम्ही खोटं बोललात. ह्याच्यापुढं हा कुणाच्या पायावर पडला, तर मी टीममध्ये न्हाय." तिच्या मागं बाकीची पोरं उभी होती. सगळी तिच्या बाजूची होती हे कळत होतं.

डंका वाजला म्हटल्यावर सत्कार आलाच. आण्णांना नवीन कॉलेज काढायचं होतं, त्याची परवानगी ज्या साहेबांच्या हातात होती त्यांनाच पाहुणे म्हणून बोलावलं. आदल्या दिवशी सरांना सांगितलं, "साहेबांच्या पाया पडू द्या तेवढं व्यवस्थित. खोली कायमची तुमची, माझा शब्द."

सत्काराला हॉल गच्च भरलेला. साहेब स्टेजच्या खाली उभे, बूट असे की त्यात तोंड दिसावं. बुटांच्या जरा अलीकडं, देखाव्यासाठी म्हणून, नारिंगी चेंडू. पैलवान फेटा बांधून उभा. प्रतीक्षा लॅपटॉपवर, सर तिच्या शेजारी, आणि त्यांच्यामागं मी. तिनं दोन्ही प्रोग्रॅम उघडून ठेवले होते. जुना, तोच पडायचा. आणि नवा, लांब पायांच्या मापाचा.

"सर, जुना टाकू का नवा?" तिनं मान वर न करता विचारलं.

सरांनी आण्णांकडं पाहिलं. आण्णांनी मान डोलावली, होऊ द्या म्हणून. सरांच्या कपाळावरून घामाची धार लागलेली. शिट्टीची दोरी ते बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, परत गुंडाळत होते. मी मनात म्हटलं, झालं, हे वाकणार. ह्या माणसाला दुसरं येतं काय? पोरगी जाणार, पोरं जाणार, आणि हे खोलीत त्या डब्याला स्पंज लावत बसणार. मला त्यांचा राग आला होता, अगदी मनापासून.

"नवा टाक," सर म्हणाले. आवाज इतका बारीक, की प्रतीक्षानं वळून पाहिलं. "टाक म्हणलं की! नवा!"

पैलवान निघाला. एक पाऊल, दोन पावलं. आण्णा साहेबांना म्हणाले, "आता बघा." साहेबांनी आशीर्वादाला हात पुढं केला. तिसरं पाऊल. चौथं. पैलवान साहेबांच्या पुढ्यात येऊन थांबला, ताठ. साहेबांचा हात हवेत. आण्णांचं हसू तोंडावरच वाळलं. मग पैलवानानं मान खाली केली, त्याला चेंडू दिसला, उजवा पाय मागं गेला आणि चेंडू साहेबांच्या दोन्ही बुटांमधून पार होऊन मागच्या सत्काराच्या टेबलावर आदळला. नारळ गडगडले. मागच्या बाकांवरून अशी शिट्ट्या-आरोळ्यांची लाट उठली की विचारू नका.

साहेबांनी हात खाली घेतला आणि रुमालानं बूट पुसले. आण्णा सरांजवळ आले. दात आवळून विचारलं, "सुरवसे, काय झालंय ह्याला?"

"बरा झालाय आण्णा," सर म्हणाले. "आजारी होता."

आणि गंमत सांगू? ते वाकले नाहीत. सवयीनं कमरेत हलले थोडे, पण वाकले नाहीत.

महिना पुरा व्हायच्या आत खोलीत नर्सिंगच्या खाटा आल्या. हिरवी चटई कुणीतरी स्टाफरूमच्या दारात पाय पुसायला टाकली. पैलवानाचं काय करायचं, यावर मीटिंग झाली. मेकॅनिकलवाले म्हणाले, आता मुक्काम कॉम्प्युटरचा. कॉम्प्युटरवाले म्हणाले, छे, मेकॅनिकलचाच. ज्याच्यासाठी दोन विभागांनी चहा तोडला, त्याला आता कुणी घरात घेईना. आण्णांच्या रागाचं निमित्त पुढं करून दोघंही सुटले. पोरं परीक्षा देऊन गेली, प्रतीक्षा पुण्याला नोकरीला लागली. जाताना सरांच्या पाया पडायला आली, तर सर दोन पावलं मागं सरकले. "नको बाई," म्हणाले, "त्या नादानं आधीच वर्ष गेलंय."

सर ॲडमिशनला गेले ते गेलेच. कॉलेजात दिसेनात. मीही विसरले, असं म्हणायला हरकत नाही.

परवा बेंबळीला माहेरी गेले होते, बाजाराचा दिवस. आईनं शेपू आणायला पाठवलं. शेळ्यांच्या बाजाराच्या कडेला आमच्या कॉलेजची मोठी छत्री दिसली. छत्रीखाली टेबल, टेबलावर माहितीपत्रकांचा गठ्ठा, त्यावर कागद उडू नयेत म्हणून दगड. आणि गठ्ठ्याशेजारी पैलवान. फेटा नाही, स्पंज नाही. टाचेनं टाच मिळवून उभा. भोवती आठ-दहा माणसं.

सर एका म्हाताऱ्याला काहीतरी समजावत होते. हातात चहाचा ग्लास, गळ्यात शिट्टी. मी जरा आडोशानंच उभी राहिले.

"मास्तर," म्हातारा म्हणाला, "म्या पेपरात बघितलं होतं, पाया पडतंय म्हणं हे. पाडा की जरा."

"तेवढं सोडून सगळं करतो काका."

"मंग कशाचं काय! बाकी घेऊन काय करायचंय?" म्हाताऱ्यानं हात झटकला. माणसं हसली. सरही हसले.

एवढ्यात एक जण बोकड ओढत घाईनं गेला, दोर टेबलाच्या पायाला अडकला आणि टेबल चांगलंच हिसडलं. दगड खाली, कागद उधळले. पैलवान पुढं झुकला, पार झुकला, माझ्या तोंडून "अगं बाई" निघालंसुद्धा. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं, गुडघे वाकवले, एक पाऊल मागं घेतलं, आणि राहिला उभा.

सरांनी हात पुढं केला नाही. ते चहा पीत होते.